‘नक्को’ म्हणू शकणारा सल्ला
हैदराबादचा मोटारबाजार आणि परफॉर्मन्स पार्टची खरेदी

मोटारीचा जोर, पकड किंवा ब्रेकची ताकद वाढवण्यासाठी कंपनीने बसवलेला मूळ भाग काढून त्याच्या जागी जो दुसरा भाग बसवला जातो, त्याला बाजारात ‘परफॉर्मन्स पार्ट’ म्हणतात. असा भाग घेणारा ग्राहक खरे तर दोन गोष्टी घेत असतो: एक तो भाग, आणि दुसरी, तो भाग त्याच्या गाडीला योग्य आहे हा सल्ला. भागाची किंमत पावतीवर लिहिलेली असते. सल्ल्याची किंमत कुठेच लिहिलेली नसते, आणि म्हणूनच तो पारखून घेण्याची सवयही ग्राहकाला लागलेली नसते. प्रत्यक्षात नुकसान होते ते बहुतेक वेळा वाईट भागामुळे नव्हे, तर चांगला भाग चुकीच्या गाडीला सुचवला गेल्यामुळे.

अर्थशास्त्राने या अडचणीचा विचार पूर्वीच केलेला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, विकणाऱ्याला मालाची जेवढी माहिती असते तेवढी घेणाऱ्याला नसेल, तर चांगल्या मालाला योग्य भाव मिळत नाही आणि तो हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. पुढे १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी मालाचा आणखी एक वर्ग सांगितला. काही वस्तूंचा कस घेण्यापूर्वी कळतो, काहींचा वापरल्यावर कळतो, पण काही वस्तू व सेवा अशा असतात की वापरल्यानंतरही त्यांची गरज खरोखर होती का, हे ग्राहकाला सांगता येत नाही. अशा मालाला विश्वासाधारित माल म्हणता येईल. मोटारदुरुस्ती हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे, आणि परफॉर्मन्स पार्टचा सल्ला तर त्याहूनही पुढचा, कारण भाग बसवल्यावर येणारा वाढलेला आवाज आणि कडक झालेले सस्पेन्शन यांनाच चालक पुष्कळदा वाढलेली ताकद समजतो.

बाजाराचा भूगोल

हैदराबादेत या व्यवहाराची दोन जुनी ठाणी आहेत. सिकंदराबादच्या बाजूला रानीगंज, जिथे यंत्रसामग्री, हार्डवेअर आणि मोटारींचे सुटे भाग यांची घाऊक व किरकोळ दुकाने एकमेकांना लागून उभी आहेत. आणि मुसी नदीच्या उत्तरेला कोठीजवळचा जामबाग-पुतलीबावलीचा पट्टा, जिथे सुट्या भागांच्या दुकानांपासून जवळच विवेकवर्धिनी ही शहरातील जुनी मराठी शिक्षणसंस्था आहे. शहराच्या पश्चिमेला, माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तीभोवती, केवळ गाड्यांचा जोर वाढवण्याचे काम करणारी नवी वर्कशॉपे अलीकडच्या काळात उभी राहिली आहेत. शहराला यांत्रिक वाहनांची ओळख तशी जुनी आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बस घेऊन रस्ते-वाहतूक खाते सुरू केले होते, आणि १९४२ मध्ये स्थापन झालेल्या ऑल्विनच्या कारखान्यात पुढे बसचे सांगाडे बांधले जात.

मराठी वाचकासाठी हा बाजार परका नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, सुलतान बाजार व काचीगुडा या भागांत मराठी घरे आजही आहेत, आणि पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५ मुळे सोलापूर-उमरग्याच्या गाडीमालकालाही हे शहर मोठ्या खरेदीचे ठिकाण वाटते. इथल्या काउंटरवर जी दखनी बोलली जाते, तिच्यातही मराठीची खूण आहे. नकार देण्यासाठी दखनीत जो ‘नक्को’ शब्द वापरतात, तो मराठीच्या ‘नको’चाच आहे. सल्ल्याची विश्वासार्हता तपासताना हा एक शब्द किती उपयोगी पडतो, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

सल्ला देणाऱ्याचे हित

परफॉर्मन्स पार्टचा सल्ला साधारणपणे चार माणसांकडून मिळतो. काउंटरवरच्या दुकानदाराला भागाच्या जाती, भाव आणि नकली माल यांची सर्वांत चांगली जाण असते. पण त्याच्या फळीवर जे आहे तेच तो सुचवणार, हे स्वाभाविक आहे. मिस्त्री किंवा फिटर यांना भाग बसवताना येणाऱ्या अडचणी ठाऊक असतात. मात्र गिऱ्हाईक घेऊन येणाऱ्या मिस्त्रीला दुकानाकडून कमिशन देण्याची पद्धत सुट्या भागांच्या व्यापारात सर्वपरिचित आहे, आणि त्यामुळे त्याने सांगितलेले दुकान ग्राहकासाठी सर्वांत योग्य असेलच असे नाही. ट्यूनर, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकातील आकडे बदलणारा तंत्रज्ञ, याचे ज्ञान सर्वांत खोल असू शकते, परंतु तो स्वतःचेच काम विकत असतो. चौथा म्हणजे तोच भाग आधी बसवलेला मित्र. त्याला कमिशन नसते, पण खर्च केलेल्या पैशाचे समर्थन करण्याची मनुष्यस्वभावातील ओढ त्यालाही असते.

या चौघांपैकी कोणीही अप्रामाणिक आहे असे यातून निघत नाही. निघते ते इतकेच की सल्ला ऐकताना त्यामागचे हित माहीत असावे, आणि ज्या विधानाची पडताळणी मोजपट्टीने, खुणेने किंवा कागदाने करता येते तेवढेच विधान सल्ला म्हणून धरावे. ही पडताळणी प्रत्यक्षात कशी करायची, हे एका चाकाच्या उदाहरणावरून पाहता येते.

चाकाचे गणित

अलॉय चाके ही सर्वांत जास्त खपणारी वस्तू, आणि तिच्याबाबत मिळणारा सल्ला बहुधा एका वाक्यात संपतो: ‘पीसीडी जुळतो, बसून जाईल.’ पीसीडी म्हणजे नटांच्या छिद्रांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या कल्पित वर्तुळाचा व्यास. होंडा सिटीच्या बऱ्याच पिढ्यांचा आणि ह्युंदाई आय-ट्वेंटीचा पीसीडी एकच आहे: चार छिद्रे, १०० मिलिमीटर. पण चाकाच्या मधोमध जे मोठे छिद्र असते आणि ज्यातून धुरीच्या टोकावरील हब बाहेर येते, त्याचे माप होंडात ५६.१ मिलिमीटर, तर ह्युंदाईत ५४.१ मिलिमीटर आहे. म्हणजे छिद्रे तंतोतंत जुळत असूनही ह्युंदाईचे मूळ चाक होंडाच्या हबवर बसतच नाही.

बाहेरची चाके बनवणारे उत्पादक यावर तोडगा म्हणून मधले छिद्र मोठे ठेवतात, पुष्कळदा ७३.१ मिलिमीटर, जेणेकरून एकच चाक अनेक गाड्यांना चालावे. होंडाच्या हबवर असे चाक चढवले तर चहूबाजूंनी साडेआठ मिलिमीटरची पोकळी राहते, आणि ती भरून काढण्यासाठी हब रिंग नावाचे कडे बसवावे लागते. ते नसेल तर चाक मध्यावर आणण्याचे काम हबऐवजी केवळ चार नटांवर येते; कसताना एक नट आधी ओढला गेला की चाक केसभर बाजूला बसते, आणि शहरात न जाणवलेली थरथर १५८ किलोमीटरच्या बाह्य वर्तुळमार्गावर, ओआरआरवर, वेग घेताच स्टिअरिंगमध्ये येते. मग चाकांचे बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा केले जाते, टायरला दोष दिला जातो, आणि काहीशे रुपयांच्या कड्याचा विषय कोणी काढत नाही.

यापुढची बाब नटांची. होंडाच्या मूळ चाकात नट जिथे टेकतो ती बैठक गोलाकार असते, तर बाहेरच्या बहुतेक अलॉय चाकांत ती साठ अंशांच्या शंकूसारखी असते. जुनेच गोल नट शंकूच्या बैठकीत कसले, तर पूर्ण पृष्ठभागाऐवजी केवळ एका बारीक रेषेवर धातूला धातू टेकतो, आणि पाना कितीही जोरात ओढला तरी ती पकड टिकत नाही. नट आणि चाक हातात घेऊन बैठक एकमेकांशी ताडून पाहायला मिनिटही लागत नाही. ज्या सल्लागाराने हे न सांगता चारही चाके बसवून दिली, त्याचा सल्ला अपुरा होता असे म्हणावे लागते.

टायरचे माप हा याच गणिताचा दुसरा भाग आहे. मूळ टायर १७५/६५ आर १५ असेल, तर त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ६०८ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २०५/५० आर १६ घेतला तर व्यास सुमारे ६११, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण दिसायला जवळजवळ तसाच २०५/५५ आर १६ घेतला तर व्यास ६३२ च्या जवळ जातो आणि फरक पावणेचार टक्क्यांवर पोहोचतो, म्हणजे मीटरवर शंभर दिसत असताना गाडी जवळजवळ एकशेचारच्या वेगाने जात असते. मापानंतर येणारा आकडा भारक्षमतेचा असतो: ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. मूळ टायरपेक्षा कमी भारक्षमतेचा टायर कितीही रुंद असला तरी स्वीकारू नये. टायरवरच्या अखेरच्या चार अंकांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते, आणि चाकावर जेडब्ल्यूएल ही खूण असेल तर ते जपानच्या हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठीच्या मानकानुसार बनवल्याचे उत्पादक सांगत असतो; तिच्यासोबत व्हीआयए ही खूण असेल तर ती चाचणी त्रयस्थ संस्थेकडे नोंदलेली असते.

ब्रेकच्या कडेवरची दोन अक्षरे

ब्रेक पॅडबाबत ‘पकड जबरदस्त आहे’ या वाक्याला काहीच अर्थ नाही, कारण पकडीचा वर्ग पॅडच्या कडेवर छापलेला असू शकतो. तेथील सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी असणाऱ्या दोन इंग्रजी अक्षरांपैकी पहिले सामान्य तापमानातील घर्षण दाखवते आणि दुसरे पॅड तापल्यानंतरचे: ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. शर्यतीसाठी बनवलेले पॅड तापल्यावरच नीट काम करतात, त्यामुळे सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्याच चौकात ते मूळ पॅडपेक्षा कमी पकडू शकतात. हे न सांगता रोजच्या गाडीला असे पॅड सुचवणे धोक्याचे आहे.

ब्रेक ऑइलचेही तसेच. डॉट ४ प्रतीचे किमान उत्कलनमान कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर १५५ अंश असते, तर डॉट ५.१ चे अनुक्रमे २६० आणि १८० अंश. डॉट ५ हे मात्र सिलिकॉनचे असते आणि वरील दोहोंत मिसळत नाही. केवळ दशांशचिन्हाच्या फरकामुळे ब्रेकची सगळी यंत्रणा निकामी होऊ शकते. कित्येक गाड्यांच्या बाबतीत, महागड्या डिस्क घेण्यापूर्वी जुने ऑइल बदलून पाहणे हाच सर्वांत योग्य सल्ला ठरतो.

डायनोचा कागद आणि हैदराबादची हवा

रीमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील इंधन, ठिणगीची वेळ आणि टर्बोचा दाब यांचे तक्ते बदलणे. त्याचा पुरावा म्हणून डायनोचा कागद दाखवला जातो. डायनो म्हणजे गाडीची चाके रोलरवर फिरवून तिचा जोर मोजणारे यंत्र. हा कागद खोटा नसतानाही दिशाभूल करू शकतो, आणि त्याचे एक कारण हैदराबादच्या उंचीत व उन्हाळ्यात आहे.

हे शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा विरळ असते, आणि मे महिन्यात ती तापून आणखी विरळ होते. म्हणून डायनोच्या आकड्याला प्रमाणित हवामानात आणण्यासाठी दुरुस्ती-गुणक लावतात. एसएई जे १३४९ या प्रचलित पद्धतीत प्रमाणित स्थिती २५ अंश तापमान आणि कोरड्या हवेचा ९९० मिलिबार दाब अशी धरली आहे. हैदराबादेत उन्हाळ्याच्या दुपारी तापमान ४० अंश आणि कोरड्या हवेचा दाब ९४० मिलिबार धरला, तर हा गुणक सुमारे १.०९ येतो. म्हणजे रोलरवर १०० अश्वशक्ती दिसली तर कागदावर १०९ छापले जाते. रीमॅपपूर्वीचा आकडा गुणकाविना आणि नंतरचा गुणकासह दाखवला, तर काहीही न बदलता नऊ अश्वशक्ती वाढल्याचे दिसेल. शिवाय टर्बो इंजिन विरळ हवेची भरपाई काही प्रमाणात स्वतःच करत असल्याने हा गुणक त्याला जसाच्या तसा लावणे योग्य ठरत नाही. त्यामुळे दोन्ही चाचण्या त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये आणि त्याच पद्धतीने झाल्या का, आणि कागदावर गुणक छापला आहे का, हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

इंधनाचा प्रश्न याहून गंभीर आहे. देशात आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र विकले जाते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त सोडावे लागते. इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे वेळेआधी पेट न घेण्याची इंधनाची क्षमता, वाढते हे खरे, पण परदेशातील पेट्रोलसाठी लिहिलेला तयार तक्ता इथल्या गाडीत घातला आणि इंजेक्टरची क्षमता पाहिली नाही, तर पूर्ण जोर देताना मिश्रणात इंधन कमी पडू शकते व पिस्टन प्रमाणाबाहेर तापतो. ‘कोणत्या इंधनावर हा तक्ता तपासला?’ या प्रश्नाला थेट उत्तर न देणाऱ्या ट्यूनरकडे गाडी सोपवू नये. बॉनेटखाली उघडा बसवला जाणारा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टरही याच तत्त्वावर तपासावा. तो इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढत असेल, तर आवाज वाढतो आणि जोर कमी होऊ शकतो.

कायदा, विमा आणि पक्की पावती

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेला आणि नोंदणी-प्रमाणपत्रात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजीच्या निकालात या कलमाचा काटेकोर अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सायलेन्सरचा आवाज, प्रदूषणाची मर्यादा आणि नोंदणीतील तपशील यांना धक्का लावणारा भाग सुचवताना जो हे सांगत नाही, तो सल्ल्याचा अर्धा भाग लपवतो. तसेच केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवला नसेल, तर अपघातानंतर दावा अडचणीत येऊ शकतो.

बाजारातला सर्वांत मोठा मोह मात्र कच्च्या बिलाचा आहे. सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे, आणि बिल नको असेल तर तेवढी सूट मिळेल असे सुचवले जाते. ही सूट घेणारा ग्राहक सल्ल्यावरचा आपला एकमेव पुरावा विकून टाकतो. पक्क्या पावतीवर दुकानाचा पंधरा अक्षरांचा कर-नोंदणी क्रमांक असतो, आणि तेलंगणातील नोंदणी असेल तर त्याची सुरुवात ३६ ने होते, महाराष्ट्रातील असेल तर २७ ने. आयात केलेल्या भागाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असायला हवी. ही माहिती नसेल तर तो माल कोणत्या मार्गाने आला हे सांगता येत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने यात महत्त्वाची भर घातली आहे. त्याच्या कलम ८६ नुसार, उत्पादकाने दिलेल्या हमीहून वेगळी अशी स्पष्ट हमी विक्रेत्याने स्वतः दिली असेल आणि वस्तू त्या हमीप्रमाणे नसल्यामुळे इजा वा हानी झाली, तर विक्रेताही जबाबदार धरला जाऊ शकतो. म्हणून गाडीचे मॉडेल, निर्मितीचे वर्ष आणि ‘या गाडीस योग्य’ एवढे शब्द पावतीवर लिहून घेतले, तर तोंडी सल्ल्याचे रूपांतर लेखी हमीत होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

कसोटी

जर्मनीत बाजारातल्या अलॉय चाकाच्या मंजुरीसोबत, ते कोणत्या मॉडेलला, कोणत्या मापाच्या टायरसह आणि कोणत्या अटींवर चालेल याची लेखी यादी असते. म्हणजे सल्ला विक्रेत्याने नव्हे तर तपासणाऱ्याने दिलेला असतो. हैदराबादने हीच शिस्त एकदा स्वतःच्या रस्त्यांवर पाहिली आहे. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी २.८३ किलोमीटरच्या मार्गावर फॉर्म्युला ई ही विजेवरील मोटारींची शर्यत झाली, आणि अशा शर्यतीत तांत्रिक निरीक्षकांच्या तपासणीतून गेल्याशिवाय कोणतीही गाडी मार्गावर उतरू शकत नाही. ज्या खेळाचे नाव घेऊन परफॉर्मन्स पार्ट विकले जातात, त्या खेळात भागाची भलामण कोणी ऐकत नाही; तो मोजला जातो.

रस्त्यावरच्या ग्राहकाला असा निरीक्षक मिळत नाही, म्हणून ते काम त्याला स्वतःच करावे लागते, आणि ते अवघड नाही. चालकाच्या दाराच्या खांबावरील टायरचा तक्ता आणि गाडीचे माहितीपुस्तक सोबत न्यावे. काय वाढवायचे आहे, पकड, ब्रेक की जोर, हे आधी ठरवावे. एकच प्रश्न भाग विकणाऱ्याला आणि तो भाग न विकणाऱ्याला, अशा दोघांना विचारावा. पैसे देण्यापूर्वी माप मोजावे, खुणा वाचाव्यात आणि योग्यतेचे शब्द लिहून घ्यावेत.

या सगळ्यांच्या आधी विचारण्याजोगा एक प्रश्न मात्र उरतो, आणि तो काउंटरवर उभे राहिल्याबरोबर विचारावा: हा भाग या गाडीला कोणत्या कारणासाठी घेऊ नये? भागाची उणीव नेमकी सांगणारा, तो कोणाला चालत नाही हे आकड्यांत सांगणारा, आणि गरज नसेल तेव्हा हाती आलेला सौदा सोडून ‘नक्को’ म्हणणारा विक्रेता रानीगंजच्या गल्लीत असो वा पश्चिमेच्या काचेच्या वर्कशॉपमध्ये, त्याच्या ‘घ्या’ या शब्दावर विश्वास ठेवता येतो. वेगाने जाणाऱ्या गाडीत माणसे बसलेली असतात, आणि त्यांच्या जिवाची जबाबदारी अशा प्रामाणिक नकारावरही उभी असते.